राखेचा थर आणखी खाली होता

सोमवार, ३ नोव्हेंबर

काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ऋतुजाचं जहाज चेन्नईहून सुटलं. ठरलेली वेळ दोनची, म्हणजे तीन तास दहा मिनिटं लेट. आमच्या अहमदपूर स्टँडवर एखादी गाडी एवढी लेट झाली असती तर लोकांनी माझ्या खिडकीच्या काचा ठेवल्या नसत्या. मी तिला फोनवर तसं म्हणलो, तर हसली. "अप्पा, इथं नियंत्रक समुद्र असतो," म्हणाली.

एकतीस वर्षं एस.टी.त काढली, त्यातली अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठली गाडी लोह्याला, कुठली उदगीरच्या पुढं गेली, हे मला खुर्चीत बसून सांगता येतं. समुद्र मात्र अजून पाहिला नाही. माझ्या बायकोनं, कस्तुरानंही नाही. आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिला असेल असं वाटत नाही. आणि आमची एकुलती एक लेक आता पंचवीस दिवस त्याच्यावरच राहणार. नांदेडला पीएच.डी. करते, भूगर्भाचा विषय. जहाजावर सव्वीस माणसं, त्यात बायका दोनच.

स्टँडवर सगळ्यांना सांगितलं. व्यंकट कंडक्टर म्हणाला, "साहेब, पेढे पायजेत." आणले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

जहाजावरून एक दिवसाआड पाचच मिनिटं बोलता येतं. पाच झाली की आपोआप बंद. म्हणून मी विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ठेवतो. आजचा प्रश्न : तू नेमकं काय शोधून राहिलीस? स्टँडवर लोक विचारतात आणि मला धड सांगता येत नाही.

तिनं उलट मलाच विचारलं, "अप्पा, देवणीला काकाच्या घरी मुरघास कसा टिकतो?"

"हिरवा चारा दाबून दाबून भरायचा, वरून ताडपत्री. हवा शिरू द्यायची न्हाई. हवा शिरली की कुजला."

"बस, तेच," म्हणाली. समुद्रात बारीक बारीक जीव मरतात आणि खाली तळाला जाऊन पडतात. त्यांच्या अंगात कार्बन असतो. बहुतेक सगळा वाटेतच दुसरे जीव खाऊन टाकतात आणि तो फिरून पाण्यात, हवेत येतो. थोडा गाळात पुरला जातो आणि हजारो वर्षं तिथंच राहतो. आता त्या गाळावर ज्वालामुखीची राख पडली, तर राखेतलं लोखंड गाळाच्या पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. मग कार्बन खाणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. शिवाय काही कार्बन त्या लोखंडाच्या कणांना चिकटून बसतो. म्हणजे राखेखाली मुरघास घातल्यासारखंच.

मी म्हणलो, "मग राख पडली की कार्बन टिकला, एवढं सोपं?"

"तेच तर मालूम न्हाई अप्पा. राखेमुळं टिकला, का नुसता लवकर पुरला गेला म्हणून टिकला? ते बघायलाच आलो इथं."

सुमात्रा बेटावर तोबा नावाचा ज्वालामुखी चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वी फुटला होता. त्याची राख आपल्या देशातल्या नद्यांच्या काठालासुद्धा सापडते म्हणे. समुद्राच्या तळाशी तिचा जाड थर आहे. एक लांब जड नळी वरून सोडून तो थर गाळासकट उपसून आणायचा. कस्तुरा म्हणाली, "तोबा? तोबा तोबा! नावच असलं, तर फुटंल न्हाई तर काय करंल."

आता मला सांगता येतं. व्यंकटला सांगितलं. त्याला मुरघासापर्यंत समजलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज बोलणं तुटक झालं. आवाज बारीक होता. कालपासून पोटात दुखतंय म्हणाली. आधी बेंबीपाशी होतं, आता उजव्या बाजूला. उलटीही झाली. मी म्हणलो, जहाज हलतं, उलटी होणारच. ओवा चावून खा, गरम पाणी पी.

शेजारून कस्तुरा सारखी खुणा करत होती, "डाक्टरला दाखव म्हणा, डाक्टरला." पाचातली चार मिनिटं संपत आलेली. मी हातानं तिला गप्प केलं आणि ऋतुजाला नीट समजावलं : बाई, सव्वीस माणसांत दोन पोरी तुम्ही. पहिल्याच खेपेला दुखतंय, खुपतंय केलं तर माणसं म्हणतील पोरींना झेपत न्हाई. नाव ठेवायला जागा देऊ नको. चार दिवस दम काढ.

"हाव अप्पा," म्हणाली. फोन कटला.

लेकरांना असा धीर द्यावा लागतो. नोकरी लागली तेव्हा मीही ताप अंगात घेऊन लातूरच्या फेऱ्या मारल्या आहेत. कुणाला कळू दिलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

मेसेज आला : "आज छोटी नळी टाकली. दीड मीटर गाळ आला. तळाच्या जरा वर नखाएवढा राखेचा पट्टा आहे, पण हा तोबाचा नाही, नंतरचा कुठलातरी छोटा स्फोट. तोबाचा थर आणखी खाली. परवा मोठी नळी. नमुने मीच कापले. बरी आहे."

पाहा. दम काढला, झालं. मेसेज स्टँडवर चौघांना वाचून दाखवला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी अनोळखी नंबर. "काका, मी हरिओम. ऋतुजासोबत जहाजावर आहे, मूळचा देगलूरचा." मी ओळखलं. ती त्याचं नाव घेते, दोघांची गाईड एकच.

ऋतुजा डेकवर चक्कर येऊन पडली. अंगात तापाचा फुफाटा. जहाजावरचे डॉक्टर म्हणतात अपेंडिक्स आहे, बहुतेक फुटलं. तिथं ऑपरेशन होत नाही. सलाईन, इंजेक्शनं चालू आहेत. जहाज पोर्ट ब्लेअरकडं वळवलं.

"किती वेळ लागंल?"

"चारशे किलोमीटर आहे काका. एरवी एका दिवसात होतं. पण समुद्र खवळला आहे. कमी दाबाचा पट्टा आहे."

"हेलिकॉप्टर?"

"या वाऱ्यात नाही येत म्हणतात."

चारशे किलोमीटर. आमची साधी गाडी, सगळे थांबे घेत, दहा-अकरा तासांत नेऊन घालते.

फोन ठेवल्यावर माझ्या हातात माईक होता. पुढ्यात नांदेड गाडी उभी होती आणि लोक माझ्याकडं बघत होते. व्यंकटनं येऊन हातातून माईक घेतला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पहिल्या गाडीनं नांदेडला आलो, ऋतुजाच्या गाईड तनुजा मॅडमकडं. चांगल्या बाई आहेत. दिवसभर फोनवर होत्या : जहाजाच्या ऑफिसला, बंदराला, दवाखान्याला. मी समोर बसून होतो. दर अर्ध्या तासानं जहाज कुठं आलं ते कळत होतं, अक्षांश आणि रेखांश. मी एका कागदावर लिहून घेत होतो, जसे गाड्यांचे टायमिंग लिहितो. सहा आकडे लिहिल्यावर लक्षात आलं, या कागदाचा कुणालाच काही उपयोग नाही.

मॅडमनी त्यांच्या टेबलावरचा एक गाळाचा तुकडा दाखवला. माझं मन रमवायला असेल. राखाडी, मऊ, सिमेंटसारखा. म्हणाल्या, "अशा एका थरासाठी ही मुलं जातात हो."

मी विचारलं, "मॅडम, चार दिवस पोटात दुखत असताना तिनं डॉक्टरला सांगितलं कसं न्हाई?"

त्या म्हणाल्या, "तेच मला कळत नाही. ऋतुजा समजूतदार आहे."

घरी फोन केला. कस्तुरानं उचलला, ऐकून घेतलं, ठेवून दिला. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. काल भाकरीचं ताट पुढं सरकवलं आणि उठून गेली. काळजीनं माणसाचं असं होतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

विमान उद्या सकाळी हैदराबादहून. आज दुपारची हैदराबादची रेल्वे नांदेडहून धरली. मुदखेडला गाडी थांबली आणि फोन वाजला. हरिओम.

"काका, आम्ही बंदराबाहेर उभे आहोत. पोर्ट ब्लेअर दिसून राहिलं समोर. पण वारा एवढा आहे की जहाज धक्क्याला लावता येत नाही. थांबा म्हणतात."

"दिसून राहिलं म्हणजे किती लांब हाय?"

"घरं दिसतात काका. गाड्यांचे दिवे दिसतात."

"ती काय म्हणती?"

"झोपलीय."

मी ओरडलो. त्या लेकरावर कामून ओरडलो, माहीत नाही. तेवढ्यात विमानवाल्यांचा मेसेज आला : हवामानामुळं उद्याचं उड्डाण रद्द.

मी बॅग घेऊन फलाटावर उतरलो. पुढं जावं तर विमान नाही, मागं जावं तर मागं जाऊन करू काय? गाडी बराच वेळ उभी होती. मी दारापाशी उभा. चढू का नको. शिट्टी झाली. गाडी हलली. डबे माझ्या पुढून गेले आणि मी नुसता बघत राहिलो. जन्मभर लोकांना सांगितलं, आधी चढा, मग विचार करा.

बाकावर एक म्हातारी बसली होती. म्हणाली, "बाबा, चुकली का गाडी?"

"हाव माय," म्हणलो, "चुकली."

गुरुवार, २० नोव्हेंबर

पहाटे वारा उतरला. सहा वाजून पन्नास मिनिटांनी धक्क्याला लागले. साडेनऊला ऑपरेशन सुरू, बाराला संपलं. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. जगेल म्हणाले. आधी "बघू" म्हणाले, मग "जगेल".

हे मी मॅडमच्या घरी, नांदेडात, खुर्चीत बसून ऐकलं. कस्तुराला फोन केला. ती रडली. चार दिवसांत पहिला आवाज ऐकला तिचा. म्हणलं, "अगं, देवानं वाचवलं." ती म्हणाली, "देवानंच." आणि फोन ठेवला.

रविवार, २३ नोव्हेंबर

काल पोर्ट ब्लेअरला पोचलो. तिकिटावर नवं नाव होतं, श्री विजयपुरम. आधी वाटलं चुकीचंच तिकीट काढलं.

समुद्र पाहिला. विमानातून दिसला, मग रिक्षातून दिसला, दवाखान्याच्या जिन्याच्या खिडकीतूनही दिसतो. लोकांनी विचारलं तर सांगता यावं म्हणून दोन मिनिटं उभा राहून बघितला. मला काहीच वाटलं नाही. पाणी आहे.

ऋतुजा अर्धी झाली आहे. पोटात नळी. मला बघून आधी हसली आणि म्हणाली, "अप्पा, मोठी नळी टाकली का त्यांनी?" मला काय माहीत. हरिओमनं नाही अशी मान हलवली. तिच्यासोबत म्हणून त्यालाही जहाजानं इथंच उतरवलं. जाण्या-येण्यात आणि वादळात इतके दिवस गेले की तोबाच्या जागेवर परत जायला वेळच उरला नाही. जहाज चेन्नईला निघालं. ऋतुजा भिंतीकडं तोंड करून पडली. मी पाठीवर हात ठेवला. दुखेल म्हणून काढला. परत ठेवला.

संध्याकाळी हरिओमला खाली चहाला नेलं. पोरगं चार दिवसांत झोपलेलं दिसत नाही. म्हणाला, "काका, मी रोज सांगत होतो डॉक्टरकडं चल. ती म्हणायची, नाव ठेवायला जागा द्यायची न्हाई. उभं राहवत नव्हतं तरी टेबलाला टेकून नमुने कापत होती. मीच जाऊन सांगायला पाहिजे होतं. माझीच चूक."

मी म्हणलो, तुझी काही चूक नाही. पण मनात संताप आला. कुणी भरवलं असेल हे तिच्या डोक्यात? शिकलेल्या माणसांतच असल्या गोष्टी जास्त. जहाजावरचा एखादा मोठा शास्त्रज्ञ टोचून बोलला असेल. विचारलं तिला, "कोण म्हणलं तुला असं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कोणी न्हाई अप्पा. कामच होतं तसं."

पोर कुणाचं नाव घेत नाही. लहानपणापासून अशीच.

सोमवार, १५ डिसेंबर

घरी येऊन तेरा दिवस. आता अंगणात फिरते. कस्तुरा तिला एकटं सोडत नाही. दोघी माझ्या पुढ्यात कमी बोलतात. मी ड्युटीवरून येतो तेव्हा आतून आवाज येत असतो, दार ढकललं की थांबतो. बायकांचं काहीतरी असतं.

आज कस्तुराला म्हणलो, "झालं ना आता सगळं बरं? का अशी गुमसुम?"

तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मी त्या दिशी फोन हिसकून घ्याया पायजे होता तुमच्या हातातून."

म्हणलं, "फोननं काय झालं असतं? पाच तर मिनिटं."

तिनं सूप उचललं आणि आत गेली.

सोमवार, १९ जानेवारी

तिला जड उचलायचं नाही, म्हणून रजा टाकून तिच्यासोबत नांदेडला आलो. चेन्नईहून तिच्या नमुन्यांची बर्फाची पेटी आली आहे. ती मी उचलली. वजन फार नाही. तिनं कापलेल्या दीड मीटर गाळाच्या एकशे वीस छोट्या डब्या. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात आकडा. सुरुवातीच्या डब्यांवर अक्षर सरळ आहे, पुढं पुढं तिरकं होत गेलं आहे. शेवटच्या वीस-पंचवीस डब्यांवरचं मला वाचताच येईना. मी तिथंच खाली बसलो. ऋतुजानं विचारलं काय झालं. म्हणलं, कंबर धरली.

बुधवार, ४ फेब्रुवारी

आज तिचा फोन, आवाजात जीव होता. त्या नखाएवढ्या राखेच्या पट्ट्यात कार्बन जास्त निघाला. वरच्या गाळापेक्षाही आणि खालच्यापेक्षाही. लोखंडाला चिकटलेला.

"मग जमलं की!" मी म्हणलो.

"जमलं न्हाई अप्पा. एक पट्टा म्हणजे एक पट्टा. तोबाचा जाड थर पायजे, त्याच्या वरचा पायजे, खालचा पायजे. दोन-तीन जागचा पायजे. एका पट्ट्यावर काही म्हणता येत न्हाई."

मी विचारलं, "आणि जगात सगळीकडं अशी राख असंल तर?"

"तर लई कार्बन खाली धरून ठेवलेला असंल, आणि आजपर्यंत कोणी त्याचा नीट हिशोबच धरला नसंल. न्हाई तर मग काहीच नसंल. दोन्ही होऊ शकतं. ते कळायला परत जावं लागंल."

परत म्हणाली तेव्हा मला तो अक्षांश-रेखांशाचा कागद आठवला. "जा की," म्हणलो.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

पुढच्या मोहिमेची यादी लागली. सकाळी नांदेडलाच होतो, तिची पुस्तकं पोचवायला गेलो होतो. लॅबमध्ये ती, मी आणि तनुजा मॅडम. मॅडमनी कॉम्प्युटरवर यादी उघडली. हरिओमचं नाव आहे, ऋतुजाचं नाही. शेवटी एक ओळ होती, ती मॅडमनी वाचून दाखवली : मागील मोहिमेत वैद्यकीय कारणामुळं काम खंडित झाल्यानं सदर उमेदवाराचा विचार करता येत नाही.

मॅडम भडकल्या. मी पत्र लिहिते, मी दिल्लीला बोलते म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं, बदलणार नाही. हरिओम तिच्यासाठी नमुने आणून देईल, असंही म्हणाल्या आणि फोन लावायला बाहेर गेल्या.

आणि मला, इथं खरं लिहितो, आधी बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरला. पोर आता जमिनीवर राहणार. नांदेडला राहील, शनिवारी गाडीनं घरी येईल, कुठल्या गाडीत आहे ते मला ठाऊक असेल. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी.

ऋतुजा टेबलापाशी उभी होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "अप्पा, तुम्हाला बरं वाटून राहिलं ना?"

अकरा वर्षं माईकवरून खोटं सांगत आलो, गाडी पंधरा मिनिटांत येईल, गाडी निघाली आहे. तिला सांगता आलं नाही.

"हाव," म्हणलो.

तिनं मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. म्हणाली, "आईलाबी बरं वाटंल. तुम्हीच सांगा तिला. मला न्हाई सांगवणार."

मी कस्तुराला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, ऋतुजालाही ऐकू यावं म्हणून. सगळं सांगितलं. वाटलं, आता 'सुटलो बाई' म्हणेल, पांडुरंगाचं नाव घेईल.

ती म्हणाली, "पोटात दुखलं म्हणून नाव काढलं?"

"तसंच हाय."

"मग आता पुढच्या खेपंला जी पोरगी जाईल, तिच्या पोटात दुखलं तर ती सांगंल का कुणाला?"

मी ऋतुजाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. उत्तर माझ्याकडूनच हवं असल्यासारखी. मी तोंड उघडलं. काहीतरी अगदी जवळ आलं होतं सांगण्यासारखं, ओठापर्यंत. पण काय ते मला धरता आलं नाही.

"काय वो," पलीकडून कस्तुरा म्हणाली, "तुमाला विचारून राहिले मी."

फोन टेबलावर चालूच होता. मिनिटं पुढं सरकत होती. पाच झाली, सहा झाली. हा फोन आपोआप बंद होणारा नव्हता, आणि आम्हा तिघांतलं कोणीच तो ठेवत नव्हतं.